पंपाचा सिग्नल जातो तेव्हा

रात्री दोन वाजता इन्सुलिनचा पंप थरथरतो आणि पडद्यावर ‘सेन्सरचा सिग्नल मिळत नाही’ असं दिसतं. अर्धवट झोपेतला माणूस कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) उपटतो आणि नवीन सेट लावायला घेतो. याची काहीही गरज नसते. त्वचेखाली साखर मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल जाणं आणि इन्सुलिन जाणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्सुलिन रिझर्व्हॉयरमधून, म्हणजे पंपातल्या टाकीतून, ट्यूबमध्ये आणि ट्यूबमधून कॅन्युलात जातं. त्या वाटेवर रेडिओ कुठेच नाही. रेडिओवरून जाते ती माहिती: साखरेचा आकडा, रिमोटचा हुकूम, फोनवरचा आलेख. माहिती तुटली की पंप बेसल, म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, देत राहतो. धोका दोन ठिकाणी असतो. साखर खाली जाताना पंप आपोआप थांबण्याची सोय सेन्सरच्या आकड्यावर चालते, ती बंद पडते. आणि घाबरून माणूस दुसऱ्यांदा बोलस (जेवणासाठी किंवा साखर उतरवण्यासाठी एकदम द्यायचा डोस) देतो.

कोण कोणाशी आणि कशावर बोलतं

आजचे बहुतेक पंप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. मेडट्रॉनिक कंपनीचा ६४०जी याच पट्ट्यात, पण स्वतःच्या पद्धतीने बोलतो; ७८०जी ब्लूटूथ लो एनर्जी वापरतो. अमेरिका-युरोपातल्या मराठी मंडळींकडे दिसणारा ट्यूबशिवायचा ऑम्निपॉड डॅशही ब्लूटूथवरच चालतो. त्याच्या आधीची आवृत्ती ४३३ मेगाहर्ट्झवर होती. मेडट्रॉनिकचे जुने पॅराडाइम आणि ५०० मालिकेतले पंप अमेरिका-कॅनडासाठी ९१६ आणि बाकी जगासाठी ८६८ मेगाहर्ट्झवर बनले. हे आकडे लक्षात ठेवा. जुना पंप विकत घेताना कामी येतात.

२.४ गिगाहर्ट्झवर गर्दी फार: वायफाय, ब्लूटूथचे हेडफोन, वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह. पण ब्लूटूथ लो एनर्जी या गर्दीत राहण्यासाठीच बनलंय. त्याचे ४० चॅनेल आहेत. एक भरलेला दिसला की ते दुसऱ्यावर उडी मारतं. एकमेकांना शोधण्यासाठी राखलेले तीन चॅनेल (२४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ) वायफायच्या १, ६, ११ या नेहमीच्या चॅनेलांच्या फटींत बसवलेत. शिवाय प्रत्येक पाकिटाची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, तपासणी होते; खराब झालेलं पाकीट टाकून दिलं जातं. म्हणून अडथळ्यामुळे १८० चा आकडा ८० होऊन पंपात येत नाही. आकडा येतो तरी, नाहीतर येत नाही. आलेला आकडा चुकीचा वाटला तर संशय सेन्सरवर घ्यायचा, रेडिओवर नाही. रात्री सेन्सरच्या कुशीवर झोपल्याने तिथली त्वचा दाबली जाऊन साखर खोटीच खाली दिसते, हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

सिग्नल गेला: पहिली पंधरा मिनिटं

आधी बोट टोचा. ग्लुकोमीटरचा आकडा ७० च्या खाली असेल तर रेडिओचा विचार नंतर: १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर (साधारण तीन सपाट चमचे) पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

आकडा ठीक असेल तर पंप आणि सेन्सर शरीराच्या एकाच बाजूला आणा. सेन्सर उजव्या दंडावर असेल तर पंप उजव्या कंबरेला किंवा उजव्या खिशात. मग हात लावू नका. सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा पाठवतो. तुटलेला संपर्क जुळायला १५ मिनिटं लागू शकतात. या पंधरा मिनिटांत दर दोन मिनिटांनी मेनूत जाऊन ‘शोधा’ दाबत बसलात तर संपर्क जुळायला उलट उशीर होतो. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये (सेन्सरवर बसणारा, आकडे पाठवणारा भाग) मधले आकडे साठून राहतात आणि संपर्क आला की आलेख मागाहून भरतो, त्यामुळे रिकामी जागा पाहून घाबरू नका.

पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर खोली बदला. तरीही नाही, तर ट्रान्समीटर बघा: चिकटपट्टी सुटलीय का, सेन्सरवर नीट बसलाय का, शेवटचं चार्ज कधी केलं. मेडट्रॉनिकच्या गार्डियन ४ या सेन्सरचा ट्रान्समीटर एका चार्जवर सात दिवस चालतो. सातव्या दिवशी गेलेला सिग्नल हा अडथळा नसून संपलेली बॅटरी असते. पंपाचा सेलही तपासा. ७८०जीला एक एए सेल लागतो: अल्कलाइन, लिथियम किंवा रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. किराणा दुकानात रिमोटसाठी मिळणारा स्वस्त कार्बन-झिंक पेन्सिल सेल आकाराने बसतो, पण त्यावर पंप चालवायचा नाही.

तोवर पंप काय करतो, हे माहीत हवं. ७८०जी स्मार्टगार्डमध्ये, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून स्वतः इन्सुलिन ठरवण्याच्या पद्धतीत, असताना सेन्सर तुटला की ‘सेफ बेसल’वर जातो, म्हणजे तुमच्या मागच्या वापरावरून ठरलेला एक स्थिर दर. तो जास्तीत जास्त चार तास. त्यानंतर पंप मॅन्युअलमध्ये येतो आणि तुम्ही भरलेला बेसल देऊ लागतो. टँडेम कंपनीचा टी-स्लिम एक्स२ पंप सेन्सरशिवाय २० मिनिटं गेली की सरळ भरलेल्या बेसलवर येतो. म्हणून स्वयंचलित पंप घेतल्यावर ‘आता बेसल भरून काय करायचं’ म्हणत दोन वर्षांपूर्वीचे दर तसेच ठेवणं महागात पडतं. दर तीन महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरांकडून मॅन्युअल बेसलही तपासून घ्या. आणि रात्री सिग्नल नसेल तर पहाटे तीनचा गजर लावून एकदा बोट टोचा.

अडथळा बहुधा तुम्ही स्वतःच

सिग्नल जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वायफाय नाही, अंग आहे. शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. घरातली विटांची भिंत जे करत नाही ते तुमचं पोट करतं. सेन्सर डाव्या दंडाच्या मागे, पंप उजव्या कंबरेला, आणि तुम्ही डाव्या कुशीवर: ट्रान्समीटर गादी आणि दंडाच्या मध्ये, पंप पलीकडे, मध्ये सगळं धड. दीड हाताचं अंतर, पण सिग्नलला वाट नाही. उजव्या कुशीवर वळलात की पाच मिनिटांत आकडा येतो. रोज रात्री ठरावीक वेळेला सिग्नल जात असेल तर शेजाऱ्याच्या राउटरला दोष देण्याआधी आपण कोणत्या कुशीवर झोपतो ते पाहा. पंप झोपताना पट्ट्याने सेन्सरच्याच बाजूला छातीशी बांधला तर निम्म्या तक्रारी मिटतात.

लोकलच्या गर्दीत सिग्नल जाईल अशी भीती लोकांना वाटते. पंप आणि सेन्सर एकाच बाजूला असतील तर शेजारी पन्नास फोन असले तरी फारसं बिघडत नाही, कारण त्या दोघांमधलं अंतर वीतभर असतं. बिघडतं ते बॅग पोटाशी धरून आणि पंप बॅगेत टाकून उभं राहिलात तर. पोहताना पाण्याखाली सिग्नल जाणारच. पंपावर लिहिलेली पाण्याची खोली आणि वेळ पाळा, बाहेर आल्यावर वाट पाहा.

खरा अडथळा कुठून येतो

यूएसबी ३ ची हार्डडिस्क आणि तिची केबल. हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३ चा वेग असा आहे की त्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये हे तपशिलाने मांडलं होतं. मांडीवर लॅपटॉप, त्याला यूएसबी ३ ची डिस्क, आणि पंप कंबरेला, म्हणजे गोंगाटाच्या शेजारीच. डिस्क लॅपटॉपच्या पलीकडच्या बाजूला लावा, जाड आवरणाची आखूड केबल वापरा. बऱ्याचदा एवढंच पुरतं.

मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि दाराच्या फटीतून थोडं गळतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) विजेच्या प्रत्येक फेऱ्यात साधारण अर्धा वेळ बंद असतो, त्या मोकळ्या वेळात ब्लूटूथचं पाकीट निसटून जातं. दूध गरम होईपर्यंत दोन पावलं मागे उभं राहिलात तरी चालतं. दाराला कंबर टेकवून उभं राहू नका.

घरातला राउटर पंपापासून एक-दोन मीटरवर असेल तर काही करायची गरज नाही. उशाशीच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा, आणि टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. ४० मेगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ अर्धा पट्टा खातो.

वॉकीटॉकी हा वेगळा प्रकार. तिथे प्रश्न सिग्नलचा नाही, पंपाच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१-२ या मानकात हातात धरायच्या प्रक्षेपकांपासून ३० सेंटिमीटर अंतर धरलंय, आणि ते १.८ ते २ वॉटच्या यंत्रांवर आधारलंय. हिशेब सोपा: वॉटचं वर्गमूळ गुणिले ६, भागिले मीटरमधलं अंतर. २ वॉटला ३० सेंटिमीटरवर सुमारे २८ व्होल्ट प्रति मीटर येतात. सुरक्षा रक्षकाच्या किंवा हॅम रेडिओवाल्याच्या ५ वॉटच्या सेटमधून ३० सेंटिमीटरवर सुमारे ४५ येतात. २८ वर आणायचे तर अर्धा मीटर लांब जावं लागतं. तेव्हा असा सेट कंबरेच्या त्याच पट्ट्याला लावू नका. बोलायचं असेल तर हात लांब करून बोला.

मोबाइलचंही हेच गणित, पण एक फरक आहे. ४जीवर फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट सोडतो, २जीच्या ९०० पट्ट्यात २ वॉटपर्यंत. टॉवर दूर असला की फोन पूर्ण जोर लावतो. घाटात, तळघरात, गावाकडे एकच दांडी दिसत असताना फोन आणि पंप एकाच खिशात नकोत. एरवी शर्टाच्या खिशात फोन आणि कंबरेला पंप, एवढं अंतर पुरतं.

बोलस गेला की नाही?

रिमोटने किंवा फोनवरून बोलस देताना मध्येच संपर्क तुटला, तर तीनपैकी एक झालेलं असतं: हुकूम पंपापर्यंत गेलाच नाही, हुकूम गेला, बोलस गेला, पण ‘झालं’ हा निरोप परत आला नाही, किंवा बोलस मध्येच थांबला. फोनचा पडदा तिन्ही वेळा जवळपास सारखाच दिसतो. म्हणून फोन बाजूला ठेवा आणि पंपाचा स्वतःचा इतिहास उघडा.

समजा जेवणाआधी ५ युनिट पाठवले. इतिहासात ‘५.० पैकी ५.०’ दिसलं तर काही करायचं नाही. ‘५.० पैकी १.८’ दिसलं तर उरलेले ३.२ द्यायचे, पण पंपावरून, फोनवरून नाही. काहीच नोंद नसेल आणि सक्रिय इन्सुलिनचा (अंगात अजून काम करत असलेल्या इन्सुलिनचा) आकडा आधीइतकाच असेल तर हुकूम पोहोचला नाही. पंपावरून नव्याने द्या. ट्यूबशिवायच्या पंपाला स्वतःचा पडदा नसतो, कंट्रोलर जवळ (डॅशला साधारण दीड मीटरच्या आत) आणून संपर्क जुळू द्या. तेही जमलं नाही आणि नोंद संदिग्ध राहिली, तर बोलस गेला असंच धरा, दर अर्ध्या तासाने साखर बघा, आणि वर चढतेय हे दिसल्यावरच दुरुस्तीचा डोस डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे द्या. थोडी चढलेली साखर खाली आणता येते. दुप्पट गेलेला बोलस परत काढता येत नाही.

फोनचं एक वेगळंच दुखणं आहे. अँड्रॉइडची बॅटरी वाचवण्याची सोय मागे चालणारं ॲप बंद करते आणि घरच्यांना पुण्याहून दिसणारा मुलाचा आलेख थांबतो. पंपाचं काही बिघडलेलं नसतं. ॲपसाठी बॅटरीची मर्यादा काढा, ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी चालू ठेवा, आणि फोनची मोठी अद्ययावत आवृत्ती आली की ॲप तिला चालतं का हे कंपनीच्या यादीत बघितल्याशिवाय ती चढवू नका.

चुंबक

रेडिओपेक्षा चुंबकाने पंपाचं जास्त नुकसान होतं, कारण ते मोटरला बाधतं, म्हणजे थेट इन्सुलिनच्या वाटेला. चुंबकाचं बटण असलेलं पंपाचं कव्हर, पर्सची चुंबकी कडी, मागे चुंबक असलेलं फोनचं कव्हर, ‘आरोग्यासाठी’ म्हणून विकले जाणारे चुंबकी पट्टे, यांपैकी काहीही पंपाला चिकटून नको. इंडक्शन शेगडीची उंची नेमकी कंबरेएवढी असते. स्वयंपाक करताना पंप मागच्या बाजूला सरकवा.

एमआरआयच्या खोलीत पंप, सेन्सर, ट्रान्समीटर आणि स्टीलच्या सुईचा सेट यांतलं काहीच न्यायचं नाही. पंप कपडे बदलायच्या खोलीत खिशातही राहू देऊ नका. नातेवाइकाच्या हातात देऊन बाहेर पाठवा. चुकून आत गेलाच तर चालू दिसला तरी वापरू नका, कंपनीला फोन करा. क्ष-किरण, सीटी, रेडिएशन आणि फिजिओथेरपीतली डायथर्मी (लहरींनी दिलेला शेक), यांनाही पंप काढूनच जा.

काढण्याची रीत ही: आधी साखर बघा. पंप ‘सस्पेंड’ करा, मग ट्यूब शरीरापासून सोडा. उलटं केलं, म्हणजे न थांबवता नुसती ट्यूब सोडली, तर पंप टेबलावर पडल्या पडल्या बेसल देत राहतो आणि ते तुमच्या अंगात गेलं असं समजून पुढचा हिशेब करतो. एका तासाच्या आत परत जोडा. जोडण्याआधी ट्यूबच्या टोकाला थेंब येतोय का पाहा, आणि हे करताना ट्यूब कधीही अंगाला जोडलेली नसावी. तासाहून जास्त वेळ लागणार असेल तर पेनचा डोस किती, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. ते बंद झालं की काही तासांतच कीटोन (इन्सुलिन नसताना चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढू लागतात. साखर दोनदा २५० च्या वर आली तर कीटोन तपासा. रक्तातले ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असतील तर ठीक, १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर गेले तर रुग्णालय. दुरुस्तीचा डोस तेव्हा पंपाने नाही, पेनने.

विमानतळावर चौकटीच्या मेटल डिटेक्टरमधून पंप घालून गेलात तरी चालतं. सामानाच्या क्ष-किरण यंत्रात आणि अंगाच्या पूर्ण स्कॅनरमध्ये मेडट्रॉनिकचा पंप न्यायचा नसतो. हाताने तपासा म्हणून सांगा, डॉक्टरांचं पत्र हातात ठेवा. जादा सेट आणि इन्सुलिनही हातातल्या बॅगेतच. विमानात फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ब्लूटूथ पुन्हा चालू करा.

कोणी मुद्दाम सिग्नल पाठवला तर

हे नुसतं सिनेमातलं भय नाही. २०११ मध्ये जेरोम रॅडक्लिफ आणि बार्नबी जॅक या सुरक्षा-अभ्यासकांनी जुने पंप रेडिओवरून ताब्यात घेता येतात हे दाखवलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, मेडट्रॉनिकच्या मिनीमेड ५०८ आणि पॅराडाइम पंपांबाबत इशारा दिला. त्यांच्या एमएमटी-५०० आणि एमएमटी-५०३ या छोट्या रिमोटचा सिग्नल टिपून पुन्हा वाजवता येत होता, म्हणजे न मागता बोलस देता येत होता. २०२१ मध्ये ते सगळेच रिमोट वापरातून काढायला सांगितलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ६०० मालिकेतल्या पंपांच्या संभाषणाबाबतही सूचना निघाली.

त्यातून घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ग्लुकोमीटरवरून बोलस देण्याची सोय वापरत नसाल तर मेनूतून कायमची बंद करा. पंप आणि मीटर, सेन्सर किंवा फोन यांची जोडणी घरी करा. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा रेल्वेत नाही, कारण जोडणी करतानाच दोघं आपापली ओळख हवेत सांगतात. पंपाचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो कुठे टाकू नका. तुम्ही न दिलेला बोलस इतिहासात दिसला तर सस्पेंड करा, ट्यूब सोडा, मग फोन करा.

जुना पंप विकत घ्यायचा मोह होतो, नवीन पंपाची किंमत पाहता ते समजण्यासारखं आहे. तरी मागची पट्टी वाचा. जुन्या पॅराडाइमच्या मॉडेल क्रमांकात ‘एनए’ असेल तर तो उत्तर अमेरिकेचा, ९१६ मेगाहर्ट्झवाला. ‘डब्ल्यूडब्ल्यू’ असेल तर ८६८ वाला. एकाचा ट्रान्समीटर दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय आपल्याकडे ९०० च्या पट्ट्यात मोबाइल ९१५ मेगाहर्ट्झपर्यंत बोलतात, म्हणजे ९१६ वाल्या पंपाच्या अगदी कानाशी. (८६८ च्या खालीच, ८६५ ते ८६७ मध्ये, फास्टॅग चालतो, पण टोलनाक्यावरचे ते काही क्षण.)

थंडीत लोकरीचा किंवा सिंथेटिक कपडा अंगावरून ओढताना ठिणगी उडते. तीव्र स्थिर विजेने पंप स्वतःला रीसेट करू शकतो. अशा वेळी त्रुटीचा संदेश पुसून पंप चालू झाला म्हणून लगेच खिशात टाकू नका. तारीख, वेळ, सकाळ-संध्याकाळ बरोबर आहे का, बेसलचे दर आणि बोलसची गुणोत्तरं जशीच्या तशी आहेत का, हे कागदावर लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. बारा तासांनी चुकलेलं घड्याळ म्हणजे रात्री दुपारचा बेसल. रीसेटनंतर सक्रिय इन्सुलिन शून्यावर गेलेलं असू शकतं. तासाभरापूर्वी घेतलेले ६ युनिट पंपाला आठवत नाहीत. तेव्हा पुढचे चार तास बोलसचा हिशेब पंपाच्या सल्ल्याने नाही, शेवटच्या डोसची वेळ लक्षात ठेवून स्वतः करा.